लाजाळू राजाच्या मुलखात

हिमाचलची ट्रिप म्हटली की आपलं सगळं ठरलेलं असतं. शिमल्याच्या मॉल रोडवर भटकंती, मनालीला याकवर बसून फोटो, बर्फात लोळायला भाड्याचे गमबूट आणि परतताना आईसाठी कुलू शाल. यात वाईट काहीच नाही. पण दिल्लीहून मनालीला जाणारी तुमची व्होल्वो पहाटे औटच्या बोगद्यात शिरते ना, तेव्हा तुम्ही गाढ झोपेत असता आणि बोगद्याच्या अलीकडे उजवीकडे फुटलेला एक फाटा तुमच्या नकळत मागे पडतो. ड्रायव्हरला रात्रीच सांगून ठेवायचं, डोळे चोळत तिथे उतरायचं आणि बॅकपॅक सावरत बंजारची जीप शोधायची. बंजारच्या पुढे गुशैणी नावाचं छोटं गाव आहे. शेजारून तीर्थन नदी जोरात वाहते. गावात एटीएमची अपेक्षा ठेवू नका.

इथे यायला माझ्याकडे एकच कारण होतं आणि त्याचं नाव जुजुराणा.

ऑफिसमध्ये रजेच्या अर्जावर ‘कारण’ या रकान्यात मी ‘पक्षी बघणे’ असं लिहिलं तेव्हा बॉसनं चष्म्यावरून बघितलं होतं. कोंबडी बघायला हिमालयात? तसं म्हटलं तर खरंच आहे ते. जुजुराणा, म्हणजे इंग्रजी पुस्तकांतला वेस्टर्न ट्रॅगोपान, हा फेझंट कुळातला पक्षी. मोर, रानकोंबडा, तित्तिर आणि आपल्या ताटातली कोंबडी हे सगळे एकाच मोठ्या खानदानातले. भीमाशंकरला किंवा महाबळेश्वरला पहाटे फिरताना रानकोंबड्याची ती अर्धवट तुटलेली बांग ऐकलीय? लाल मातीच्या रस्त्यावरून झुडपात पळणारी चकोत्री पाहिलीय? मग जुजुराणाचे सह्याद्रीतले चुलतभाऊ तुमच्या ओळखीचेच आहेत.

फक्त या भावाचा वॉर्डरोब जरा वेगळा आहे.

नर बघा. डोकं काळं, त्यावर मागे वळलेला काळा तुरा. डोळ्यांभोवतीची कातडी उघडी आणि लालभडक. गळा नारिंगी, मान मागच्या बाजूनं किरमिजी. आणि खाली छाती-पोटावर, काळ्या-करड्या पिसांवर पांढऱ्याशुभ्र ठिपक्यांचा सडा. प्रत्येक ठिपक्याला काळी किनार, जणू पैठणीच्या कारागिरानं एकेक बुट्टी मोजून काढलीय. आकार गावठी कोंबड्याएवढाच, पण अंगानं भरलेला. वजन दोन किलोच्या आसपास. मादी मात्र करड्या-तपकिरी रंगाची, अंगभर फिकट रेघा आणि ठिपके. वाळक्या पानांत बसली तर दोन हातांवरूनही सापडणार नाही आणि तिला नेमकं तेच हवं असतं.

कुलूकडे एक गोष्ट सांगतात. देवाला सगळ्यांत सुंदर पक्षी घडवायचा होता, म्हणून जगातल्या प्रत्येक पक्ष्यानं आपलं एकेक पीस दिलं. त्यातून झाला तो जुजुराणा, पक्ष्यांचा राजा. आपल्याकडे मोर असताना हा किताब परस्पर वाटून टाकल्याबद्दल मला थोडा राग आला होता, हे खरं. पण हिमाचल सरकारला ही गोष्ट पटलेली दिसते. २००७ मध्ये त्यांनी मोनालला बाजूला करून जुजुराणाला राज्यपक्षी केलं.

मोनालचं हे जरा हळहळण्यासारखंच. तोही फेझंट, तोही देखणा, आणि रंग तर इंद्रधनुष्य सांडल्यासारखे. पण मोनाल म्हणजे पेज थ्रीवरचा सेलिब्रिटी. जंगल संपून गवताळ कुरणं सुरू होतात तिथे उघड्यावर येतो, उतारावर चोचीनं माती उकरत बसतो, ऊन पडलं की चमकतो. चोपता-तुंगनाथला गेलेल्या तुमच्या मित्रमंडळींपैकी निदान एकाकडे तरी त्याचा फोटो असेलच. शिवाय उत्तराखंडचा तो राज्यपक्षी आहे आणि नेपाळचा राष्ट्रीय पक्षी, म्हणजे त्याची नोकरी काही गेली नाही. जुजुराणाला पार्टीत यायचंच नसतं. तो राहतो जुन्या, ओलसर, अंधाऱ्या जंगलात. वर देवदार, स्प्रूस आणि फरचे उंच खांब, मध्ये खरसू ओक आणि खाली कमरेएवढ्या रिंगाल बांबूची जाळी. उन्हाळ्यात साधारण २,४०० ते ३,६०० मीटर उंचीवर. बर्फ पडायला लागला की हा राजा खाली उतरतो, तेही बहुतेक चालतच. पंख आहेत, पण ते अगदीच गळ्याशी आलं तर वापरायचे.

गुच्छीचा सीझन

गुशैणीतल्या आमच्या होमस्टेचं घर काठकुणी पद्धतीचं होतं. म्हणजे देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे आलटून-पालटून थर, मध्ये सिमेंटचा कण नाही. भूकंपात ही घरं हलतात पण सहसा पडत नाहीत, असं घरमालकिणीनं अभिमानानं सांगितलं. तिला सगळे आंटीजी म्हणायचे, मग आम्हीही. आंटीजींनी पहिल्याच संध्याकाळी वाफवलेलं सिड्डू आणि त्यावर पळीभर तूप असं काही वाढलं की डाएटचा विषय तिथेच संपला.

जेवताना मी त्यांना विचारलं, जुजुराणा कधी पाहिलाय का? त्या हसल्या. “बेटा, हमने तो बहुत देखा है. गुच्छी के टाइम.”

गुच्छी म्हणजे जंगलात आपोआप उगवणारी एक अळंबी. मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार टोपी असते तिला. बर्फ वितळल्यावर, एप्रिल-मे महिन्यात, ओल्या पालापाचोळ्यातून ती डोकं वर काढते. दिल्ली-मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांत जो गुच्छी पुलाव मिळतो, तो या मंडळींच्या पाठदुखीतून येतो. वाळवलेल्या गुच्छीला किलोमागे दहा हजारांच्या कितीतरी वर भाव मिळतो. त्यामुळे सीझन आला की अख्खी घरं, बायका, पोरं, म्हातारी माणसं जंगलात. वाकून, पाला उकरत, दिवसच्या दिवस.

आणि नेमका हाच जुजुराणाचा लग्नाचा सीझन.

हे लक्षात आलं तेव्हा सगळा पेच समजायला लागला. आपण शहरात बसून ‘शिकारी लोक वाईट’ असं एका वाक्यात निकालात काढतो. शिकार होती, आहेही. टोपीत मोनालचा तुरा खोचायची कुलूची जुनी हौस आहे आणि फेझंटचं मांस पहाडात कुणाला नको होतं? पण जुजुराणाच्या जिवावर उठलेल्या गोष्टी बहुतेक इतक्या साध्या आहेत की कुणाकडे बोट दाखवावं ते कळत नाही. मेंढ्यांचे कळप कुरणांकडे जाताना वाटेतल्या जंगलातलं खालचं रान साफ करत जातात आणि लपायला जागा नसली की हा पक्षी ते जंगलच सोडतो. चुलीला लाकूड लागतं. औषधी मुळ्या खणल्या जातात. गुच्छी शोधणाऱ्याला जुजुराणाशी काही देणंघेणं नसतं, तो फक्त चालत असतो. पण अंड्यांवरून उठवलेली मादी परत येईलच याची खात्री कोण देणार?

ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कची गोष्ट याच पेचातून घडली. १९८४ मध्ये पहिली अधिसूचना निघाली, १९९९ मध्ये अंतिम. साडेसातशे चौरस किलोमीटरचा मुलूख आणि त्या काळात जुजुराणा हा या पार्कचा जवळजवळ चेहराच होता. १९९९ मध्ये पार्कच्या आतले चराईचे, गुच्छीचे, मुळ्यांचे हक्क संपले. भरपाई मिळाली, पण ज्यांच्या वाडवडिलांची नावं ब्रिटिशांच्या काळातल्या सेटलमेंटच्या कागदांत होती त्यांना. जे पिढ्यान् पिढ्या जंगलात जात होते पण कागदावर नव्हते, त्यांच्या हाती काही आलं नाही. आणि त्याच सुमारास पार्वती जलविद्युत प्रकल्पासाठी पार्कच्या हद्दीतून जमिनीचा एक तुकडा वगळला गेला. म्हातारीच्या गुच्छीला बंदी आणि धरणाला वाट, हा हिशेब गावात आजही लोक तोंडपाठ सांगतात. मला वाटतं, त्यांचं चुकत नाही.

पण गोष्ट तिथे थांबली नाही, म्हणून तर मी त्या घरात सिड्डू खात होतो. पार्कच्या सीमेला लागून इकोझोन म्हणून पट्टा आहे. त्यात दीडशेच्या वर गावं-वाड्या येतात. तिथे बायकांचे बचतगट उभे राहिले, पोरांना गाइडचं, पोर्टरचं, स्वयंपाकाचं काम मिळायला लागलं. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब यांच्यासारखे लोक तीर्थनवरच्या प्रकल्पांविरुद्ध उभे राहिले आणि तीर्थन मोकळी वाहत राहिली. आज ब्रिटिशांनी आणून सोडलेल्या ट्राउट माशांसाठी लोक इथे गळ घेऊन येतात, होमस्टे भरतात. २०१४ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा यादीत पार्कचं नाव घातलं. सगळ्यांचं भलं झालं असं म्हणणार नाही. रस्त्याकडेच्या घराला गिऱ्हाईक मिळतं, दोन तास चढावरच्या वाडीला मिळत नाही. आंटीजींचं घर रस्त्याला आहे.

चढ, चढ आणि अजून चढ

पार्कचा परमिट साई रोपाच्या ऑफिसातून काढायचा. गुशैणीहून रोला नावाच्या जागेपर्यंत दहाएक किलोमीटरची वाट आहे, नदीच्या काठाकाठानं. हा रस्ता म्हणजे निव्वळ ऐश. अक्रोडाची झाडं, शेवटच्या वाड्यांतले सफरचंदाचे बाग, आणि नदीतल्या दगडावर शेपूट हलवत बसलेले रेडस्टार्ट. एका जागी शिट्टी ऐकू आली आणि मी गर्रकन वळलो. लोणावळ्याच्या पावसात ओढ्याकाठी शीळ घालणारा आपला मलबारी कस्तूर आहे ना, त्याचाच हा हिमालयातला भाऊ. फरक एवढाच की आपलावाला शाळेत निघालेल्या मुलासारखा आरामात शीळ घालतो आणि याला नदीच्या आवाजावर मात करायची असते.

रोलापासून मजा संपते. शिल्टच्या फॉरेस्ट हटपर्यंत वाट अशी काही उभी चढते की गुडघा आणि हनुवटी यांची गाठ पडावी. आमच्यात एक जण रोज ट्रेडमिलवर पाच किलोमीटर पळणारा होता. त्यानं पहिल्या तासातच गाइडला ‘अजून किती’ विचारायला सुरुवात केली. गाइड, वय फार तर पंचवीस, प्लास्टिकच्या बुटांत, पाठीवर रेशनची गोणी. “बस सरजी, आधा घंटा.” हा अर्धा तास दुपारपर्यंत टिकला.

चढताना मात्र एक गोष्ट फार छान कळते. पश्चिम हिमालयात फेझंटच्या पाच जाती आहेत आणि त्यांनी डोंगर मजल्यांसारखा वाटून घेतलाय. खालच्या झुडपी जंगलात कलिज, काळसर, मागे पडलेला पांढरा तुरा. उभ्या गवताळ कड्यांवर चीर. वर देवदार-ओकच्या रानात कोक्लास, जो पहाटे घसा खाकरल्यासारखं ओरडतो. त्याच्याच आसपास, पण अजून दाट आणि ओल्या कोपऱ्यात जुजुराणा. आणि टेरेसवर अर्थातच मोनाल. एकाच डोंगरात पाचही राहू शकतात कारण प्रत्येकाची गरज थोडी थोडी वेगळी आहे. एका मजल्याचं सामान काढून घेतलं की मात्र तिथला भाडेकरू दुसऱ्याच्या घरात शिरू शकत नाही.

शिल्टला पोचलो तेव्हा ढग खाली उतरले होते. हट म्हणजे लाकडी खोली, आत चूल, बाहेर तीन हजार मीटरच्या आसपासची थंडी. मोबाइलला रेंज नाही. आमच्यातला एक जण तरीही फोन हातात धरून खोलीच्या चारही कोपऱ्यांत फिरून आला.

हरवलेलं करडू

गाइडनं आम्हाला पहाटे चारला उठवलं. जुजुराणाचा नर एप्रिल ते जूनमध्ये उजाडायच्या आधी ओरडायला लागतो. पार्कचे लोक त्याची मोजदादही अशीच करतात. अंधारात ठरावीक जागी बसायचं, कान उघडे ठेवायचे, कुठल्या दिशेनं किती आवाज आले ते टिपायचं. बघून मोजायला गेलात तर अख्ख्या पार्कात चार पक्षी निघतील.

आम्ही एका पडलेल्या झाडाच्या आडोशाला बसलो. हातमोजे असूनही बोटं बधिर. जवळच्या एकानं फोनमध्ये ट्रॅगोपानच्या आवाजाचं रेकॉर्डिंग आणलं होतं आणि ते वाजवून नराला जवळ बोलवावं असा त्याचा प्लॅन होता. गाइडनं हात पुढे केला, फोन घेतला, आपल्या जॅकेटच्या खिशात ठेवला आणि चेन लावली. “उसको लगेगा दूसरा नर आया. सुबह भर लड़ने के लिए ढूँढ़ता रहेगा. मादा चली जाएगी.” एवढंच. पुन्हा अंधाराकडे बघत बसला.

साडेचारच्या सुमारास खालच्या नाळेतून आवाज आला. “वाऽऽ.”

खरं सांगतो, मला वाटलं कुणाचं तरी करडू हरवलंय. तसाच नाकातून काढलेला, रडवेला, लांबलेला सूर. थोड्या अंतरानं पुन्हा. मग पुन्हा. इतका नटलेला पक्षी आणि त्याचा आवाज असा हरवलेल्या बकरीचा! शास्त्रज्ञांनी याला नाव दिलंय ट्रॅगोपान, त्यातही बकरा आहेच. ग्रीक भाषेत ‘ट्रॅगोस’ म्हणजे बोकड आणि ‘पॅन’ हा त्यांचा शिंगं असलेला वनदेव. प्राचीन रोमच्या प्लिनीनं शिंगं असलेल्या एका अद्भुत पक्ष्याचं वर्णन या नावानं केलं होतं. तो पक्षी काही कुणाला सापडला नाही, पण नाव मोकळं होतं ते हिमालयातल्या या मंडळींना मिळालं. आवाजाशी याचा संबंध नाही, नाव शिंगांवरून आलंय. पण त्या पहाटे मला ते दुप्पट पटलं.

डावीकडच्या धारेवरून दुसऱ्यानं उत्तर दिलं. मग फार दूरवरून तिसरा. तीन नर, तीन उतार, मध्ये धुकं. गाइडनं आगपेटीच्या पाठीवर पेन्सिलीनं तीन रेघा ओढल्या.

उजाडल्यावर आम्ही अडीच तास तसेच बसून होतो. आधी मादी दिसली. म्हणजे गाइडला दिसली आणि त्यानं बोटानं दाखवलेला पाचोळा मी बराच वेळ बघत राहिल्यावर त्या पाचोळ्याला डोळा फुटला. ती फर्नची कोवळी टोकं खुडत होती. बहुतेक शाकाहारी असतात हे. पानं, कोंब, कळ्या, ओकची फळं, मध्ये कधीतरी एखादा किडा. मग रिंगालच्या जाळीतून लाल काहीतरी सरकलं. दुर्बिणीत सापडेपर्यंत मान दिसली, नारिंगी गळा, पांढऱ्या ठिपक्यांची एक बाजू. त्यानं मान वळवून आमच्याकडे बघितलं, पाय उचलला, तो तसाच अधांतरी धरला आणि मग कुठल्याही घाईशिवाय बांबूत शिरला. सगळं मिळून सहा-सात सेकंद. पन्नास हजारांची लेन्स घेऊन आलेल्या मित्राकडे बांबूचा अतिशय शार्प फोटो आहे.

पडद्यामागचा नाच

या पक्ष्याची खरी कमाल मात्र मी जंगलात पाहिलेली नाही. पाहिलेले लोक फारच थोडे असतील. पिंजऱ्यातल्या ट्रॅगोपानांचं चित्रण आहे, ते बघून जे कळतं ते सांगतो.

नर आधी लपतो. एखादा दगड किंवा ओंडका निवडतो आणि त्याच्यामागे बसतो, फक्त डोकं वर. मादी पलीकडे चरत असते, तिचं लक्षही नसतं. मग हा मान झटकायला लागतो. हळूहळू, मग जोरात. आणि डोक्यावरच्या काळ्या पिसांतून दोन निळी शिंगं वर येतात. मांसल, फुगलेली, एरवी आत दडवून ठेवलेली. त्याच वेळी गळ्याखालून कातडीचा एक पडदा उलगडत खाली येतो, बाळाच्या लाळेऱ्यासारखा. त्यावर जांभळ्या आणि निळ्या रंगांची अशी नक्षी की वर्षभर ती घडी करून ठेवली होती यावर विश्वास बसू नये. पंख फडफडतात, घशातून टकटक आवाज येतो, वेग वाढत जातो, आणि एका क्षणी सगळं थांबवून तो दगडामागून ताडकन उंच उभा राहतो. ढॅणटढॅण! काही सेकंदांत पडदा वर, शिंगं आत. मादी बऱ्याचदा चरतच असते. ऑफिसात प्रेझेंटेशन दिलेल्या कुणालाही हे दुःख समजेल.

बहुतेक फेझंट जमिनीवर घरटं करतात. ट्रॅगोपान झाडावर करतात, आणि कुळात हा त्यांचा वेगळेपणा. ओकच्या ढोलीत किंवा जाड फांदीच्या बेचक्यात मादी तीन ते पाच अंडी घालते आणि साधारण चार आठवडे उबवते. म्हणजे याला नुसती झाडं पुरत नाहीत. ढोल पडण्याइतकी म्हातारी झाडं लागतात. पाच-दहा वर्षांच्या वृक्षारोपणाच्या रोपांत या बाईला घर मिळणार नाही, फलक कितीही मोठा लावला तरी.

जगात ट्रॅगोपानच्या पाच जाती आहेत, त्यांतल्या चार भारतात. नागालँडचा राज्यपक्षी ब्लिथ्स ट्रॅगोपान हा त्यांतलाच. आपला जुजुराणा सगळ्यांत पश्चिमेकडचा. पाकिस्तानातल्या कोहिस्तानात पालस खोऱ्यात तो आहे, काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेलगतच्या काझीनागला आहे, मग हिमाचल आणि उत्तराखंडचा पश्चिम भाग. बस्स. त्याच्यापलीकडे जगात कुठेही नाही. एकूण संख्या काही हजारांतच आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. एका खोऱ्यातला पक्षी शेजारच्या खोऱ्यात जाईलच असं नाही, कारण मधलं जंगल तुटलेलं असतं आणि हा गडी उघडा माळ ओलांडायला तयार नसतो.

सराहनचे पाहुणे

पार्कातून उतरल्यावर आमच्याकडे तीन दिवस शिल्लक होते. जलोडी पास ओलांडून आनी, लुहरी, रामपूर आणि मग ज्यूरीहून वर सराहनला गेलो. पास साधारण ३,१२० मीटरवर आहे आणि जीपच्या ड्रायव्हरनं पूर्ण उतारभर नव्वदच्या दशकातली कुमार सानूची गाणी लावली, याची नोंद असावी.

सराहनला लोक भीमाकाली मंदिरासाठी येतात. लाकूड आणि दगडाचे ते दोन उंच मनोरे आणि पलीकडे श्रीखंड महादेवाचं बर्फ. यायलाच हवं. पण मंदिराच्या वरच्या अंगाला वनखात्याचं फेझंट प्रजनन केंद्र आहे आणि जुजुराणाला पिंजऱ्यात वाढवण्याचं जगातलं सगळ्यांत महत्त्वाचं काम इथे चाललंय. हे काम किती किचकट आहे याची कल्पना बाहेरून येत नाही. हा पक्षी ताण फार घेतो. आवाजानं बिथरतो, अनोळखी माणसानं बिथरतो, जोडीदार पसंत पडला नाही तरी बिथरतो. वर्षानुवर्षं अंडी तरी मिळत नसत किंवा पिल्लं तरी जगत नसत. पिंजऱ्यात ओक आणि बांबूचा आडोसा कसा द्यायचा, उंचावर घरट्याची जागा कशी ठेवायची, खायला काय आणि कधी, हे सगळं तिथल्या कर्मचाऱ्यांनी हळूहळू शिकत नेलं. मग आई-बापांनी स्वतः वाढवलेली पिल्लं जगायला लागली.

२०२० मध्ये तिथले काही पक्षी जवळच्याच दारणघाटी अभयारण्यात सोडले. पिंजऱ्यात जन्मलेल्या जुजुराणाला जंगलात सोडण्याचा जगातला हा पहिलाच प्रयत्न. ऐकायला टाळ्यांचं वाक्य आहे, पण जरा विचार करा. आयुष्यभर वाटीत खाणं मिळालेला पक्षी. त्याला मार्टेन माहीत नाही, गरुडाची सावली माहीत नाही, बर्फ पडला की खाली उतरायचं असतं हे कुणी सांगितलेलं नाही. त्यातला एक जरी पुढच्या वसंतात दारणघाटीच्या रानात करडासारखा ओरडला, तर त्या लोकांना आपलं आयुष्य सार्थकी लागल्यासारखं वाटेल. आणि नाही ओरडला तर? जंगल उरलेलं असेल तरच पुन्हा सोडता येईल, असं मला तरी दिसतं. पिंजरा हा फार तर बॅकअप आहे. हार्ड डिस्कच गेली तर बॅकअप कुठे टाकणार?

जाळीमागे नर दिसला. पूर्ण दिसला, आरामात, हवा तितका वेळ. किरमिजी मान, प्रत्येक ठिपका मोजता येईल असा. आमचा लेन्सवाला मित्र खूश. मी मात्र पाचएक मिनिटांत तिथून निघालो. मला ते सहा-सात सेकंद पुसले जायला नको होते.

जायचं असेल तर

जुजुराणाचा आवाज ऐकायचा तर एप्रिलचा शेवट ते मे अखेर हा काळ. नुसतं भटकायचं असेल तर सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर, आकाश स्वच्छ असतं. पावसाळ्यात जाऊच नका, दरडी कोसळतात. हिवाळ्यात जलोडी पास बर्फामुळे बंद असतो.

मुंबई-पुण्याहून दिल्ली किंवा चंदीगड, तिथून रात्रीची मनाली बस, औटला उतरून बंजार, गुशैणी. पार्कच्या आतला ट्रेक धरून निदान आठ दिवसांची रजा लागते. लाँग वीकेण्डला हे जमणार नाही, उगाच बॉसला खोटी आशा दाखवू नका. गाइड स्थानिकच घ्या, घासाघीस न करता. भडक रंगाचे जॅकेट घरी ठेवा, स्पीकर तर नकोच. थर्मल्स, हेडलॅम्प, रोख पैसे आणि गुडघ्याचा पट्टा एवढं घ्याच.

आणि परतीच्या दिवशी औटच्या बाजारात कुणी गुच्छी विकत असेल, तर ती कुठून आणली ते विचारा. विकणारा बहुतेक खरं उत्तर देणार नाही. आम्हाला त्यानं सांगितलं, “जंगल से.” कुठलं जंगल, असं विचारल्यावर तो हसला आणि वजनकाटा पुसायला लागला.